सहाव्या दोरावरची हाक

गुरुवारी सकाळी झाकल्या बाजारात फुलकोबीचा गड्डा उलटा करून देठ बघत असताना डोरीन हेस्कच्या पाठीत एक थाप बसली. चांगली सणसणीत थाप, जिंकलेल्या फुटबॉलवाल्याच्या पाठीत बसते तशी. गड्डा हातून निसटून कांद्यांत पडला. तिनं वळून पाहिलं तर लाल मफलरातला एक अनोळखी माणूस सगळे दात काढून हसत होता. “काय माई, उद्या वाजवणार ना घंटा? अशा वाजवा की ब्रुसेल्सपर्यंत कान फुटले पाहिजेत!” एवढं बोलून तो मासळीच्या बाजूला निघूनही गेला. भाजीवाली हे सगळं बघत होती. डोरीन तिच्याकडून अकरा वर्षं कोबी घेत आली होती. पिशवी भरताना ती वर न बघता म्हणाली, “वाजवू नका हं, सांगून ठेवते. वाजवल्यात तर उद्यापासून माझ्याकडे गाजरसुद्धा मागायचं नाही.” डोरीननं मान हलवली. कुणासाठी हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही. बाजाराबाहेर येईपर्यंत पाठीतली थाप तिथंच होती, कोटाच्या आत, पाच बोटांसकट. त्या माणसानं आणि आपण एकाच बाजूला फुली मारली होती, आपण दोघं जिंकलो होतो, मग ही जिंकल्याची थाप अशी दुखते का, हे तिला उमजेना.

सेंट हिल्डाच्या मनोऱ्यात सहा घंटा होत्या, आणि डोरीन त्यांची कारभारीण होती. दोर तपासायचे, माणसं जमवायची, लग्नाला, मयताला आणि रविवारच्या प्रार्थनेला वेळेवर वाजवायच्या, एवढंच काम. सव्वीस वर्षांत गावानं तिला त्याबद्दल बरं म्हटलं नव्हतं की वाईट. आता देश उद्या रात्री अकरा वाजता युरोपीय युनियनमधून बाहेर पडणार होता, साडेतीन वर्षं भांडून लोकांचे घसे बसले होते, आणि तोंडं थकल्यावर सगळ्यांना एकदम घंटा आठवल्या होत्या. चर्चच्या पेटीत चिठ्ठ्या येऊन पडल्या: वाजवा म्हणणाऱ्या तेवीस, खबरदार म्हणणाऱ्या एकोणीस, आणि एक चिठ्ठी घंटांनी आमचं कुत्रं बिथरतं अशी, तिचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. तरुण पाद्रीणबाईंनी सगळा गठ्ठा डोरीनच्या हातात दिला होता. “डोरीनताई, मनोरा तुमचा. तुम्ही ठरवाल ते,” असं म्हणून त्या कुणाच्या तरी बारशाच्या निमित्तानं जवळजवळ पळाल्याच होत्या. तुम्ही ठरवाल ते. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात डोरीनला हे वाक्य किती वेळा ऐकायला मिळालं होतं? घरात बापानं ठरवलं, मग नवऱ्यानं, बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या बाईंनी, आणि दोरावर फ्रीडानं. एकदा फक्त, मतदानाच्या खोपट्यात दोरीनं बांधलेल्या त्या बुटक्या पेन्सिलीसमोर पडदा ओढून उभी राहिली होती, तेव्हा तिनं एकटीनं ठरवलं होतं. त्याचंच हे सगळं चाललं होतं.

बसथांब्यावर वारा खाडीवरून सरळ येत होता. डोरीननं पिशवी पोटाशी धरली आणि तिला तो शुक्रवार आठवला. आठवला म्हणणं खोटंच, तो कधी गेलाच नव्हता. आदल्या दिवशी मतदान, पहाटे निकाल आणि संध्याकाळी नेहमीची तालीम. रॉय, म्हणजे पाचव्या दोरावरचा नळवाला, वर येतानाच फसफसणारी बाटली घेऊन आला होता आणि अडुसष्ट पायऱ्या चढून धापा टाकत “सुटलो! सुटलो एकदाचे!” म्हणत होता. पहिल्या-दुसऱ्या दोरावरचं पिल्बीम जोडपं हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं उभं होतं, कारण त्यातल्या नवऱ्यानं बाहेरच्या बाजूला फुली मारली होती आणि बायकोनं आतल्या. तिसऱ्या दोरावरचा म्हातारा पोस्टमन कुणाला काही सांगत नसे. आणि फ्रीडा ऑर्मरॉड चौथा दोर हातात धरून भिंतीकडे बघत होती. फ्रीडा गणिताची बाई. घंटांनी क्रम कधी बदलायचा याची हाक द्यायची ती फक्त फ्रीडानं, अडतीस वर्षं. ती हळूच म्हणाली, “डोरीन, तू तरी नाही ना गं?” आणि डोरीन म्हणाली, “मीसुद्धा.” मग झालं ते झालं. “कशासाठी पण?” “बापासाठी.” “अगं, तुझ्या बापाला आइसलंडनं घरी बसवलं! दोनशे मैलांची हद्द त्यांनी आखली, त्यांच्या समुद्रात. युनियनचा संबंध काय त्यात?” “आणि आपल्या समुद्राचं काय? त्यात सगळ्या जगाची जाळी, आणि आपल्या गोदीत गवत. ते कुणी केलं?” “ते इतकं सोपं नाहीये.” “तुला काहीच सोपं नसतं, फ्रीडा, म्हणून तर लोक तुमच्यावर चिडतात!” रॉयनं बाटली खाली ठेवली होती. फ्रीडाचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट झाला होता. “विचार करायची वेळ आली की तू माझ्याकडे बघतेस. या खोलीत आणि बाहेरही. मी हाक दिली की तू वळतेस. आणि आयुष्यात एकदाच स्वतःच्या अकलेनं ठरवलंस, तर हे! अडाणी आहेस तू.” डोरीनच्या तोंडून मग जे निघालं ते तिचं तिलाही नवीन होतं. “मग जा ना तुझ्या डेन्मार्कला.” फ्रीडाचा बाप लुंड नावाचा डॅनिश खलाशी होता, खरं, पण फ्रीडा जन्मली होती डोरीनच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून, आणि डेन्मार्कला ती उभ्या आयुष्यात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पावसात. तिनं दोर व्यवस्थित गुंडाळून खुंटीला अडकवला आणि खाली गेली. डोरीननं अडुसष्टच्या अडुसष्ट पायऱ्या ऐकल्या.

हेस्ल रोडची बस आली, दार उघडलं, बंद झालं, गेली. डोरीन चढली नाही. ती बस घराकडे जाते आणि त्या रस्त्यावर बापाचं फाटक लागतं. शहात्तर साली बापाचं जहाज गोदीला बांधलं ते बांधलंच, आणि पंचेचाळिशीतला तो दणकट माणूस, जो बर्फात उघड्या हातांनी जाळं ओढायचा, तो घरी बसून दरवर्षी फाटक रंगवायला लागला. एका वर्षी हिरवं, एका वर्षी निळं, पुन्हा हिरवं. रंगाचे पापुद्रे इतके चढले की शेवटी कडी बसेना. डोरीननं पेन्सिल हातात घेतली तेव्हा तिच्यापुढे ब्रुसेल्स नव्हतंच, फाटक होतं. आणि फ्रीडा म्हणाली ते खरंही असेल, आइसलंडचं. डोरीननं नंतर वाचनालयात बसून वाचलं, बरंचसं खरंच होतं. पण सगळं खरं नव्हतं, आणि जे खरं होतं त्यानंही ते फाटक उघडत नव्हतं. मत बदलायला तिला कारण सापडलं नाही. ‘अडाणी’ हा शब्द मात्र अन्नात खडा यावा तसा रोज दाताखाली येत राहिला.

त्या शब्दाच्याच रागानं तिनं ते सुरू केलं होतं. फ्रीडा गेल्यावर मनोऱ्यात पाच माणसं उरली, चौथी घंटा मुकी राहिली, आणि पाचांवर जेमतेम एकशेवीस क्रम वाजतात ते रॉय कसेबसे ओढायचा. पण सातशेवीस? ते हिल्डाच्या मनोऱ्याचं वैभव. सहा घंटा ओळीनं वाजवायच्या, मग दर फेरीला शेजारणीनं शेजारणीशी जागा बदलायची, एका वेळी एकच पाऊल, आणि असं करत करत सहांचे जितके क्रम होऊ शकतात तितके सगळे, सातशे वीस, एकेकदाच. एकही गाळायचा नाही, एकही परत यायचा नाही. पंचवीस-सव्वीस मिनिटं. कागद हातात धरायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, सगळं डोक्यात. ठरलेल्या जागी एकानं हाक द्यायची: ‘बॉब’ म्हटलं की तिघी आपसांत क्रम बदलतात, ‘सिंगल’ म्हटलं की दोघी. हाक एका ठोक्यानं जरी चुकली तरी सगळं गाडं खड्ड्यात. डोरीननं जेवणाच्या टेबलावर उकडलेलं अंडं उभं ठेवायचे सहा अंडेकप मांडले आणि रोज रात्रीची भांडी झाली की ते सरकवायला बसली. दीड वर्ष काही म्हणजे काही जमलं नाही. आकडे बोटांतून सांडायचे. मग एका सकाळी लापशी ढवळताना तिच्या लक्षात आलं की आपण आकड्यांच्या मागे लागलोय, आणि हे आकडे नाहीतच, ही पोरांची रांग आहे. बावीस वर्षं तिनं दुपारच्या जेवणाची रांग सांभाळली होती. कोण कितवा हे रांगेतल्या कुणालाच ठाऊक नसतं, पण आपल्या पुढे कोण आणि मागे कोण हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं, आणि मध्ये कुणी घुसलं तर कुठं घुसलं हे वाढणारीला पळीवरून मान न उचलता कळतं. दोन आणि चारच्या मध्ये तीन घुसली, बस्स, एवढाच बॉब. डोरीन लापशी करपेपर्यंत हसत उभी होती. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, बटाटे सोलताना ती मनात रांग चालवायची, आणि वर्षभरात ती न अडखळता सातशे विसाव्यापर्यंत पोचायला लागली. एकटीच. अंडेकपांवर.

दुसरी बस आली तेव्हा ती चढली. ही बस झाडांच्या रस्त्यांकडे जाते. फ्रीडाच्या खिडकीत युनियनचा निळा झेंडा होता, साडेतीन उन्हाळ्यांनी विटून पार राखाडी झालेला. डोरीन त्याच्याकडे बघत असतानाच दार उघडलं.

“कोण मेलं?” फ्रीडानं विचारलं.

“कुणी नाही.”

“मग उद्यासाठी आली असशील. आधीच सांगते, उद्या रात्री त्या मनोऱ्यात एक लोलक जरी हलला ना डोरीन, तर मी खाली उभी राहून पातेलं बडवीन.”

“उद्या काही नाही. तालीमसुद्धा नाही. कुलूप घालणार आहे. घंटा रविवारच्या असतात, रविवारी वाजतील.” डोरीननं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “सातशेवीस वाजवायचंय. सहावं माणूस हवंय.”

फ्रीडा चष्मा काढून पुसायला लागली. हात पूर्वीपेक्षा बारीक झाले होते. “हाक कोण देणार? रॉय? त्याला दोनच्या पाढ्यात घाम फुटतो.”

“मी देणार.”

फ्रीडा हसली. खोटं, लागेल असं हसू नव्हतं ते. पोटातून आलेलं, ते जुनं, घोड्यासारखं हसू. या हसण्याची आपल्याला इतकी आठवण येत होती हे डोरीनला माहीतच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला संताप आला. “तू? डोरीन, तू? अगं, घरी जाताना चुकलीस तर मला फोन करायचीस.”

“येतेस का नाही ते सांग.”

“येते की. न येऊन कसं चालेल? पहिल्या शंभरात मोडणार ते. बघायला तरी येते.”

“चौथा दोर घे. साडेनऊला.” डोरीन पायरी उतरली. डेन्मार्कचं बोलायचं म्हणून ती खरं तर आली होती, ते तसंच राहिलं.

शुक्रवारी रात्री तिनं मनोऱ्याला कुलूप घातलं, घरी जाऊन पॅटी आणि चिप्स खाल्ले, आणि दहाला झोपली. अकराला देश बाहेर पडला तेव्हा ती गाढ झोपेत होती. शनिवारी शेजाऱ्यानं विचारलं, “कसं वाटतंय?” तर ती म्हणाली, “झोप छान लागली.” ते खरंच होतं. पाठीतली थापही गेली होती.

रविवारी दोरांच्या खोलीत पाचजण आधीच होते. पायऱ्यांवर फ्रीडाची पावलं वाजली, आणि ती दारात आल्यावर रॉयला राहवेना. “या या! आम्ही बाहेर पडलो आणि बाई आत आल्या!”

“रॉय, तुझ्या नळांपेक्षा तुझं तोंड जास्त गळतं,” फ्रीडा म्हणाली आणि चौथ्या दोराखाली जाऊन उभी राहिली. मिसेस पिल्बीम खुदकन हसली. दोराच्या लोकरी मुठीवर फ्रीडानं हात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. डोरीननं ते पाहिलं आणि नजर वळवली. फ्रीडा मात्र मग डोरीनकडेच बघत राहिली, परीक्षेच्या हॉलमध्ये बाई बघतात तशी. हरलं तर काय होणार ते डोरीनला स्वच्छ दिसत होतं. जगाचं काही बिघडणार नव्हतं. खाली रस्त्यावर कुणाला कळणारही नव्हतं. पण त्या खोलीत पाच माणसांसमोर तो शब्द कायमचा खरा ठरणार होता, आणि मग त्या पेन्सिलीच्या फुलीलाही काही अर्थ उरला नसता. फ्रीडाच बरोबर होती, हिला स्वतःचं डोकंच नाही, एवढंच उरलं असतं. सहावी घंटा सगळ्यांत जड. डोरीननं पाय रोवले. “सांभाळा,” पहिल्या दोरावरचा पिल्बीम म्हणाला. “निघाली... गेली!”

आणि घंटा ओळीनं उतरायला लागल्या, बारीक आवाजापासून जाडपर्यंत, सहा पायऱ्या, पुन्हा सहा, पुन्हा सहा. डोरीननं “चला” म्हटलं आणि ओळ विस्कटली, विणली जायला लागली. पहिली हाक यायची होती. तिला वाटलं आवाज निघणारच नाही. अडतीस वर्षं या खोलीत तिनं फक्त “हो” आणि “थंडी आहे” म्हटलं होतं. “बॉब!” शाळेच्या जेवणघरातून आला तो आवाज, शंभर पोरांच्या वर चढणारा, आणि पोस्टमन चक्क दचकला. पण तिघी वळल्या. रांग बदलली, डोरीननं ती मनात बदलली, आणि दोन्ही रांगा एकमेकींवर बरोबर बसल्या. पुन्हा बॉब. पुन्हा. अंडेकप नव्हते आता, जिवंत दोर होते, वरखाली जाणारे, आणि छताच्या वर टनावारी कांसं तिच्या शब्दासरशी जागा सोडत होतं. पहिलं शतक गेलं. फ्रीडाची भुवई किंचित वर गेली. दुसरं गेलं. डोरीनच्या अंगात काहीतरी गरम पसरत चाललं होतं, कोटाशिवाय उन्हात उभं राहिल्यासारखं. तीनशे साठाला, बरोब्बर मध्यावर, तिनं “सिंगल!” दिली आणि ती इतकी वेळेवर पडली की रॉय दोर ओढता ओढता मोठ्यानं “अरे व्वा!” म्हणाला. “गप्प!” डोरीन म्हणाली. कारभारीण झाल्यापासून तिनं कुणाला गप्प म्हटलं नव्हतं.

पाचशेऐंशीच्या आसपास ते घडलं. घडलं म्हणजे ऐकू काहीच आलं नाही. दोन ठोके एकमेकांवर आदळले नाहीत, भोक पडलं नाही, विणकाम तसंच स्वच्छ चाललं होतं. डोरीनची घंटा मागच्या जागी पोचली, जिथं दुसऱ्या एका घंटेबरोबर हूल द्यायची, म्हणजे एक पाऊल मागे सरून पुन्हा पुढे यायचं असतं, आणि तिथं हूल द्यायला पाचवी यायला हवी होती. आली चौथी. रॉयऐवजी फ्रीडा. घंटावाल्यांचं हेच ते जुनं दुखणं: दोघींची नकळत अदलाबदल होते, दोघी एकमेकींचं काम बिनबोभाट करत राहतात, कानाला गोड लागतं, आणि शेवटी ओळ जुळत नाही. पण चुकलं कोण? फ्रीडा? अडतीस वर्षांत फ्रीडा कधी चुकली नव्हती. चुकली असेल डोरीनच. मघाशी सिंगलनंतर मनातली रांग बदलायची राहिली असेल, किंवा दोनदा बदलली असेल. फ्रीडाचा चेहरा शांत होता, रॉयचाही. आता बदला म्हणावं आणि ती दोघंच बरोबर असली, तर चांगलं चाललेलं आपण मोडलं. गप्प राहावं आणि ती चुकली असली, तर शेवटी मोडेलच. मध्ये जागा नव्हती, आणि विचारायला कुणी नव्हतं, आणि वेळ होता एका दोराच्या ओढीएवढा. तिनं सवयीनं फ्रीडाकडे पाहिलं. आणि त्या पाहण्यातच तिला कळलं. फ्रीडा स्वतःचा दोर बघतच नव्हती. ती डोरीनची चूक शोधत होती, मघापासून, डोळ्यांत तेल घालून. दुसऱ्याच्या चुकीवर असं टपून बसलेलं माणूस कुठं घसरतं हे डोरीनला ठाऊक होतं, साडेतीन वर्षं अख्खा देश तेच तर करत होता, ती स्वतःसुद्धा. डोरीननं रांग पुन्हा पाहिली, डोक्यातली, पोरांची. तीन, मग पाच, मग चार. मध्ये कोण घुसलं तिला दिसत होतं. बाप म्हणायचा, बोटीवर शंका आली की आधी ओरडावं, लाजावं नंतर.

“फ्रीडा! तू आणि रॉय उलटे झालात! रॉय मागे, तू पुढे, आत्ता!”

फ्रीडाचे डोळे मोठे झाले. त्या एका ओढीत तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं: ‘शक्य नाही’ गेलं, ‘ही कोण मला सांगणार’ गेलं, आणि मग, सगळ्यांत शेवटी, हिशेब करताना हलायचे तसे तिचे ओठ हलले. तिनं दोर धरला आणि ती वळली. रॉय भांबावला, पण फ्रीडा त्याच्या पुढून गेल्यावर त्याला मागे जाण्यावाचून इलाज नव्हता. एक फेरी खडबडली, दोन ठोके एकमेकांवर आपटले, मिसेस पिल्बीमनं डोळे मिटून घेतले. आणि मग ओढ लागली, सगळं पुन्हा रुळलं. बरोबर की चूक, कुणालाच माहीत नव्हतं. शेवट सांगणार होता. अजून सव्वाशे क्रम, पाच मिनिटं. डोरीनच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि दोन्ही हात दोरावर असल्यानं पुसता येत नव्हता. “बॉब!” ती ओरडली, आणि पुन्हा “बॉब!”, आणि आता फ्रीडा तिच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या दोराकडे बघत होती, एखाद्या नवशिकीसारखी मन लावून, आणि काय सुंदर वाजवत होती ती! ठोका कसा नेमका पडत होता, जागच्या जागी. आता सगळेच तसे वाजवत होते. पिल्बीम आणि त्याची बायको, रॉय, तोंड न उघडणारा पोस्टमन, कुणी आतला, कुणी बाहेरचा, आणि कुणाचंही मत तसूभर हललेलं नव्हतं. पण दर फेरीला प्रत्येकजण शेजाऱ्याला वाट देत होता, कारण दिली नाही तर दोघंही आपटतात. आनंदानं आपण ओरडू की काय असं डोरीनला वाटलं, आणि ओरडायचं तर कामच होतं. “सिंगल!” शेवटची हाक. पाचवी मागून पुढे येताना तिला दिसली. चौथी तिच्या आत सरकली. दोन फेऱ्या. एक. आणि ओळ लागली: एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहा, सहावी तिची स्वतःची, जड, भरदार, शेवटी.

“झालं!” डोरीन म्हणाली. आणखी थोडा वेळ त्या ओळीनं वाजत राहिल्या, कारण कुणाला थांबावंसं वाटत नव्हतं. मग ती म्हणाली, “थांबा,” आणि सहाही थांबल्या.

कान वाजत होते. पोस्टमननं खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाला, “सव्वीस मिनिटं.” चार वर्षांत त्याचं सर्वांत मोठं भाषण होतं ते. रॉय भिंतीला टेकून “मी उलटा झालो होतो? मी?” असं ज्याला त्याला विचारत होता. फ्रीडानं दोर गुंडाळला, खुंटीला अडकवला, आणि ती डोरीनच्या समोर येऊन उभी राहिली.

“मी तुला अडाणी म्हटलं होतं. ते खोटं होतं. मी म्हणायला नको होतं.”

“डेन्मार्कचं...” डोरीन म्हणाली. “डेन्मार्कचं मी बोलले ते...”

“ते तर फारच हलकट होतं.”

“हो. माफ कर गं.”

“केलं. पण मत देण्यात तू चुकलीस. देशाचं वाटोळं केलंत तुम्ही. हे मी रोज म्हणणार.”

“म्हण. आणि मी रोज तुला चुकीचं म्हणणार.”

“तुला कुणी शिकवलं हे?” फ्रीडानं मान वर करून छताकडे, घंटांकडे दाखवत विचारलं.

“कुणी नाही.”

फ्रीडानं डोरीनचा घामेजला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. फ्रीडानं आजवर कुणाचा मुका घेतलेला या खोलीत कुणी पाहिला नव्हता. मिसेस पिल्बीम रडायलाच लागली.

खाली दारात, प्रार्थनेला आलेल्या लोकांत कालवाकालव चालू होती. कोटाला देशाच्या झेंड्याची फीत लावलेला एक म्हातारा गृहस्थ डोरीनचा हात धरून हलवायला लागला. “शाब्बास! दोन दिवस उशिरा का होईना, देशाला मान दिलात!” त्याच्या मागून एक बाई पुढे घुसली, गालावर ताजे अश्रू. “मान कसला, ती शोकाची घंटा होती, मला ऐकता येतं. हो ना हो बाई? सांगा ना यांना!” दोघं डोरीनला मध्ये ठेवून एकमेकांवर सुरू झाले, मागचे त्यात सामील झाले, आणि कुणीतरी ओरडलं, “अहो, तिलाच विचारा की! बाई, कशासाठी वाजवल्यात एवढ्या घंटा?”

डोरीन हेस्कनं बाही वर करून घाम पुसला. दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि ती उभ्या आयुष्यात एवढी खूश कधी झाली नव्हती.

“मला येतं म्हणून,” ती म्हणाली.